विसार द्यायच्या आधी

बाळ,

परवा रात्री तुझा फोन आला, "काका, मी गाडी बघून आले, एकदम कडक आहे, रविवारी विसार देऊन टाकतेय, तेवढं येऊन एक नजर टाकाल का", आणि मी आपला झोपेत हो म्हणून फोन ठेवला. पण ते हो काही पचलं नाही बघ. म्हणून हे लिहून पाठवतोय, व्हॉट्सअ‍ॅपवर लांबडं दिसेल, कंपनीच्या बसमध्ये वाच, गोकुळ शिरगाव येईपर्यंत संपेल.

पहिलं म्हणजे मी येणार नाही. राग मानू नकोस. एक तर मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन बाराच दिवस झालेत आणि डॉक्टरांनी खाली वाकायचं नाही म्हणून सांगितलंय, पण डोळे धड असते तरी आलो नसतो. कारण गाडी कुणाची, तर दाजींच्या साहेबांची. दाजींच्या लग्नात मी पंगतीला वाढलंय. आपण तिथं गेलो की साहेब दारात उभे राहणार, आतून पोहे येणार, मग साहेब म्हणणार तुमच्याबद्दल लई ऐकलंय, आणि मी हातात पोह्याची डिश घेऊन म्हणणार का, "साहेब, तुमच्या गाडीचा बॉनेटखालचा पत्रा म्हणजे अ‍ॅप्रन वेल्डिंग करून बसवलाय"? नाही म्हणणार. मला माझा स्वभाव माहितीय. मी दोन चकरा मारणार, टायरला लाथ मारल्यासारखं करणार आणि "बरी आहे की" म्हणून घरी येणार. आणि तू त्या "बरी आहे की"वर चार लाख दहा हजार मोजणार.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. तीस वर्षं मोटार सर्व्हेअर म्हणून काम केलं, लायसन घेतलेला सर्व्हेअर आणि लॉस असेसर, म्हणजे विम्यासाठी गाडीचं नुकसान मोजणारा, किती गाड्यांखाली झोपलोय त्याचा हिशेब नाही, आणि तरी २००६ साली मीच फसलो. तुला हे कधी सांगितलं नव्हतं, तुझ्या बाबांना माहितीय, ते अजून हसतात. २००५ चा महापूर होऊन गेलेला, मी स्वतः त्या पुरातल्या गाड्यांचे क्लेम करून दमलेलो, चिखलात बुडालेल्या गाड्या बघून बघून स्वप्नात पण तोच वास यायचा. आणि वर्षभरात तालमीतल्या एका दोस्तानं गाडी काढली विकायला. घरातलीच गाडी म्हणाला, तुला म्हणून देतोय म्हणाला. लोकांच्या गाडीचं कार्पेट मी रोज उचलत होतो, ह्या गाडीचं नाही उचललं, कारण दोस्त शेजारी उभा होता आणि त्याच्यासमोर कार्पेट उचलणं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं वाटलं. पहिल्या पावसाळ्यात एका रात्री दोन वाजता त्या गाडीचा हॉर्न आपोआप वाजायला लागला, थांबेचना. सगळी गल्ली जागी. बॅटरीची वायर काढली तेव्हा गप्प झाली. सकाळी कार्पेट उचललं तर खाली पंचगंगेचा गाळ, वाळून पापड झालेला. वायरिंगचा अख्खा संच बदलावा लागला. दोस्ती टिकली, पण तालमीत भेटलो की आम्ही दोघं पावसावर बोलायचं टाळायचो.

तर मुद्दा हा आहे की गाडी बघणारा माणूस हुशार असून भागत नाही, त्याला "नको घेऊ" म्हणता आलं पाहिजे. आपल्याकडं सगळी गाडी ओळखीवर चालते, एजंट ओळखीचा, मिस्त्री एजंटच्या ओळखीचा, मालक दाजींच्या ओळखीचा. ओळख वाईट नाही, ओळखीनं गाडी सापडते, पण ओळखीनं गाडी तपासू नये. साहेब म्हणाले असतील ना तुला, "आमचा मिस्त्री आहे, सात वर्षं हाच बघतोय, त्याला विचारा"? त्याला विचार, जरूर विचार, सर्व्हिसचा इतिहास त्याच्याकडंच मिळणार. पण त्याचं मत हे मालकाचं मत समज. त्याला उद्या पण साहेबांची दुसरी गाडी धुवायची आहे.

आता तू म्हणशील बँक व्हॅल्युएशन करणारच आहे की. हा मोठा गैरसमज आहे बघ आणि शिकलेले लोक पण त्यात अडकतात. लोनसाठी बँकेचा माणूस येतो तो चेसिस नंबरचा ठसा घेतो, चार बाजूंनी फोटो काढतो, मीटर लिहून घेतो आणि बाजारभाव टाकून जातो. मी स्वतः अशी शेकडो व्हॅल्युएशन केलीत. तो अहवाल बँकेसाठी असतो, उद्या तू हप्ते बुडवले तर ही गाडी विकून किती वसूल होईल एवढाच त्यातला प्रश्न. क्लच किती उरलाय हे त्यात नसतं. पॉलिसी लॅप्स झाली की विमा कंपनी इन्स्पेक्शन करते ते पण फोटोंपुरतंच. पीयूसी फक्त धुराचं सांगते. आरटीओत नाव ट्रान्सफर होताना कागद बघतात, गाडीची तब्येत नाही. म्हणजे ह्या सगळ्या शिक्क्यांमधून गाडी पास होऊन येईल आणि तरी तुझ्या बाजूनं तिला कुणीच बघितलेलं नसेल.

गाडी २०१८ च्या पासिंगची म्हणालीस. म्हणजे ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही महापूर तिनं बघितलेत. बघितलेत म्हणजे बुडाली असं मी म्हणत नाही, साहेबांचं घर नागाळा पार्कात आहे आणि तिथं पण सगळ्याच गल्ल्यांत पाणी आलं नव्हतं. पण कोल्हापूर-सांगलीकडच्या त्या काळातल्या कुठल्याही गाडीला हा प्रश्न विचारायचाच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं, शिरोलीजवळ हायवे कितीतरी दिवस बंद, लोकांनी जीव वाचवले, गाड्या तशाच राहिल्या. अशा गाडीचा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या वर गेला की ती टोटल लॉस धरतात, मालकाला पैसे मिळतात आणि गाडी भंगार म्हणून लिलावात जाते. आता ती लिलावातली गाडी घेणारा काय तिची पूजा करायला घेत नाही. धुतो, वाळवतो, सीट कव्हर नवीन घालतो, परफ्यूमची बाटली लावतो आणि जिथं पूर आला नव्हता अशा जिल्ह्यात नेऊन विकतो. आरसीवर ह्यातलं काही दिसेलच असं नाही. आणि उलटं पण होतं, लांबून कुठून बुडालेली गाडी आपल्याकडं येते, त्यामुळं नंबर कोल्हापूरचा एमएच ०९ नाही म्हणजे पुरातली नाही असं पण समजू नकोस.

बुडालेली गाडी सापडते कशी, तर जिथं धुणाऱ्याचा हात पोचत नाही तिथं. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढायचा, आतल्या टोकाला पाण्याची रेघ किंवा मातकट डाग दिसतो. सीटच्या खालच्या रेल्स आणि त्यांचे बोल्ट गंजलेले का, स्टेपनी काढून खालच्या खड्ड्यात गाळ आहे का, डॅशबोर्डच्या खाली टॉर्च मारून वायरिंगच्या जोडांवर हिरवट-पांढरी बुरशी आलीय का, फ्यूज बॉक्स उघडून तसंच. हेडलाइटच्या आत बाष्प. हे तू पण करू शकतीस, त्याला मिस्त्री लागत नाही, फक्त भीड सोडून सीटखाली डोकं घालावं लागतं. पण पाणी इंजिनात गेलं होतं का हे तुला नाही कळणार. पाणी शिरलेलं असताना कुणी स्टार्टर मारला की पाणी काय दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि थोडासाच वाकला असेल तर गाडी चालते, महिनो न् महिने चालते, आणि एक दिवस तो रॉड इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर येतो. त्यासाठी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघणारा माणूस पाहिजे.

अपघाताचं पण तसंच. आपल्या उद्यमनगरात हाताला काय कला आहे तुला सांगायला नको, नमुना दाखवला की पार्ट बनवून देतील. तीच कला जुन्याला नवं करायला पण लागते. चांगल्या डेंटरनं डेंट काढलेला दरवाजा मला पण नुसत्या डोळ्यानं कळत नाही. म्हणून तपासणारा येईल त्याच्याकडं पेंटची जाडी मोजायचा मीटर आहे का एवढं आधी विचार. कंपनीचा पेंट साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास असतो, पुट्टी भरलेल्या जागी आकडा पाचशे, हजार असा उडतो. बंपरवर मीटर चालत नाही, ते प्लॅस्टिक. आणि हे पण लक्षात घे, एखादा दरवाजा रंगवला म्हणून गाडी सोडून द्यायची नाही, महाद्वार रोडवर गाडी घातली की दरवाजा घासणारच. दरवाजा, फेंडर ह्याला मी फार मोजत नाही. बघायचं ते पुढचे दोन अ‍ॅप्रन, छत पेलणारे पिलर, छताच्या कडा आणि डिकीचा तळ. तिथं कंपनीचे स्पॉट वेल्ड एका रांगेत गोल गोल असतात, हातानं केलेलं वेल्डिंग लगेच वेगळं दिसतं. तिथं काम झालेलं असेल तर गाडी कितीही स्वस्त असू दे, परत फिरायचं. एअरबॅगचा दिवा चावी फिरवली की लागून विझला पाहिजे. अजिबातच लागत नसेल तर कुणीतरी तो गप्प केलाय.

आता माझ्या धंद्यातली एक गंमत सांगतो, ही एजंट लोक सांगत नाहीत. साहेब म्हणाले ना, एकदा पण क्लेम नाही? चालू पॉलिसी मागून घे आणि त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, बघ. क्लेम न करता एक वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. सात वर्षांच्या गाडीला खरंच क्लेम नसेल तर तिथं ५० दिसायला पाहिजे. शून्य किंवा २० दिसलं तर विचार, भांडू नको, फक्त विचार. कारण पॉलिसी संपून ९० दिवसांच्या वर गेले तरी बोनस जातो, आणि हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो, त्यांनी तो दुसऱ्या गाडीला नेला असू शकतो. आणि बोनस वाचवायचं अ‍ॅडऑन घेतलं असेल तर क्लेम होऊन पण ५० दिसेल. उत्तर काय येतं त्यापेक्षा कसं येतं ते बघ. (आणि हो, तो ५० टक्के तुला मिळणार नाही, तू शून्यापासून.)

मीटर ३१ हजार म्हणालीस. असेल पण, साहेब लोक गाडी कमी फिरवतात. पण मीटर मागं घेणं हे आता पाच मिनिटांचं काम आहे, त्यामुळं मीटर वाचायचाच नाही, गाडी वाचायची. ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी, ड्रायव्हर सीटची उजवी कड. टायरवर चार आकडे असतात, ३२१८ असं असेल तर तो २०१८ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला. आकडे अलीकडच्या सालाचे निघाले तर ३१ हजार चाललेल्या गाडीला चारही टायर नवीन कशाला लागले असतील, ह्याचा विचार कर. आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी नंबरवरून जुन्या सर्व्हिसच्या नोंदी असतात, मालकानं सांगितलं तर प्रिंट मिळते. तारीख आणि किलोमीटर ओळीनं वाढत गेलेत का बघ, मध्येच खाली आले तर संपलं.

चालवून बघायची ती ताराबाई पार्कात एक राउंड मारून नाही. शिवाजी पूल ओलांडायचा आणि पन्हाळ्याच्या रस्त्याला लागायचं. वाघबीळच्या चढाला क्लच खोटं बोलत नाही, आवाज वाढतो आणि गाडी पुढं सरकत नाही म्हणजे प्लेट गेली. वर पोचेपर्यंत टेंपरेचरचा काटा कुठं जातो, एसी चालू असताना दम टाकती का, आणि उतरताना ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं का. खाली आल्यावर पाच मिनिटं चालू ठेवून ऑइल फिलरचं झाकण सैल करायचं, धूर भकाभका येतोय का बघायचं. पण ह्या सगळ्याच्या आधी सकाळचा पहिला स्टार्ट, आणि तो तुझ्यासमोर. बॉनेटवर हात ठेवायचा, गार पाहिजे. तू जायच्या आधी मालकानं गाडी गरम करून ठेवली असेल तर त्या दिवशी तपासणी करायचीच नाही, गोड बोलून दुसऱ्या दिवशी यायचं.

माणूस कोण आणायचा म्हणशील. गाड्या विकणाऱ्या काही कंपन्या पण तपासणी करून देतात, लांबलचक यादी असते, पण जो गाडी विकून कमावतो त्याची यादी मी जरा लांबूनच वाचतो. तुला पाहिजे तो असा, ज्याची फी ठरलेली आहे, सौदा झाला काय न् मोडला काय तेवढीच. त्या मॉडेलवर वर्षानुवर्षं काम केलेला, गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचायचा स्कॅनर असलेला, गाडी रॅम्पवर घेणारा, आणि रॅम्प त्यानं निवडायचा, साहेबांच्या मिस्त्रीचा नाही. मी एक जण सांगून ठेवलाय, सर्व्हिस सेंटरमधून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेला, उद्यमनगरात बसतो, ना दाजींच्या ओळखीचा ना साहेबांच्या. पंधराशे घेतो. पैसे तू द्यायचे, मी नाही आणि मालकानं तर अजिबात नाही, ज्याचे पैसे त्याचा माणूस. आणि त्याला "गाडी कशी आहे" असं विचारू नकोस, त्याचं उत्तर "चांगली आहे" असंच येतं. विचार, "पुढच्या वर्षभरात ह्या गाडीला मला किती घालावे लागतील आणि कशाकशाला?" आणि ते कागदावर घे. तो स्कॅनर लावेल तेव्हा एक बघ, एकही एरर नाही म्हणून खूश होऊ नको. आदल्या दिवशी कुणी एरर पुसून ठेवले असतील तर गाडीच्या आतल्या टेस्ट अपूर्ण दाखवतात, ते तो तुला सांगेल.

साहेबांना कसं सांगायचं ह्याचं तुला टेन्शन आलं असणार, मला माहितीय. माझ्यावर ढकल. "आमचे काका जुने सर्व्हेअर आहेत, त्यांची अट आहे, बाहेरून तपासल्याशिवाय विसार द्यायचा नाही." म्हातारी माणसं अशीच असतात म्हणायचं आणि हसायचं. सरळ माणूस असेल तर म्हणेल खुशाल तपासा. "आमच्यावर विश्वास नाही का" असं आलं तर पोहे खाऊन परत ये. आणि "दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय" हे वाक्य तर मी १९९० पासून ऐकतोय, ते गिऱ्हाईक मला अजून एकदा पण दिसलं नाही. हे सगळं विसाराच्या आधीच करायचं, कारण एकदा का पाच-दहा हजार दिले की मन गाडीत जाऊन बसतं. मग मिस्त्रीनं काही सांगितलं तरी आपणच म्हणतो, असू दे, जुनी आहे, एवढं चालायचंच.

कागदाचं थोडक्यात. आरसी एमपरिवाहन अ‍ॅपवर बघ, त्यात बँकेचा बोजा दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः गाडीवर वाचून आरसीशी ताड, सांगितलेल्यावर जाऊ नकोस. ई-चलन किती थकलंय ते बघ. फॉर्म २९ आणि ३० वर त्यांच्या सह्या झाल्या की नाव लगेच करून घे, "करू की निवांत" नाही. आणि विमा चौदा दिवसांच्या आत तुझ्या नावावर. हे मी डोळ्यानं बघितलंय, एका पोरानं गाडी घेतली, नाव झालं, विमा राहिला, तीन महिन्यांनी ठोकली. समोरच्याचं नुकसान विम्यात बसलं पण त्याच्या स्वतःच्या गाडीला कंपनीनं रुपया दिला नाही आणि अहवाल लिहिणारा मी होतो.

आणि तपासणीत दहा-पंधरा हजाराचं काम निघालं म्हणून गाडी नको असं नाही हं. सात वर्षांची गाडी आहे, काहीतरी निघणारच, काहीच निघालं नाही तर मला त्या मिस्त्रीवर संशय येईल. शॉकअबसॉर्बर, टायर, बॅटरी ह्याचे पैसे किमतीतून कापून मागायचे, कागद दाखवून. बाबांना घेऊन गारगोटीला जायचं आहे तर पुढच्या डाव्या सीटची उंची पण बघ, त्यांच्या गुडघ्याला ती बसायला सोपी आहे का. हे कुठल्याच यादीत नसतं.

शनिवारी सकाळी साडेसहाला तो उद्यमनगरातला तपासणारा मोकळा आहे, साहेबांना उद्याच फोन करून वेळ घे आणि गाडी रात्री हलवू नका म्हणून सांग. तू पाठवलेले फोटो मी मोबाइल डोळ्याजवळ धरून बघितले, एका डोळ्यानं. तिसऱ्या फोटोत उजवा हेडलाइट काचेसारखा लख्ख दिसतोय आणि डावा पिवळट पडलाय. बॉनेट उघडलं की त्याला पहिलं तेच दाखव.

काका